आत्याने सुरनळीत काय लपवलं?

वाचकाचं पत्र:

माझं माहेर गोव्यातल्या शिरोड्याचं. आजीच्या हातची सुरनळी, तांदळाची ती आंबवलेली गोड, जाळीदार पोळी, म्हणजे आमच्या घरची ओळख. ती स्वतः काणकोणची, माहेरून शिकून आलेली. आजी गेली आणि आता ती कृती फक्त मोठ्या आत्याला येते. आत्याने लग्न केलं नाही, आजी-आजोबांचं शेवटपर्यंत तिनेच केलं. आजीनंतर आम्ही तिला घरात राहू दिलं आहे. इन्व्हेंटरी (वारसांमधली वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) सुरू झाल्यापासून मात्र बाबा आणि ती कामापुरतंच बोलतात.

मी फोन करून कृती विचारली. तिने दोन मिनिटांत उरकली: तांदूळ, मूठभर पोहे, खोबरं, मेथी, ताक, गूळ, हळद, रात्री वाट, सकाळी घाल. बाजारचं दही घुसळून मी ताक केलं, बाकी सगळं तिने सांगितलं तसंच. डिसेंबरभर प्रयत्न केले. जाळी पडत नाही, तव्याला चिकटते. फुगावी म्हणून खायचा सोडा घातला तर वर लाल-तपकिरी ठिपके! धाकट्या आत्याच्या मुलीची सुरनळी मात्र हुबेहूब आजीसारखी होते. आत्याने मला एक वस्तू मुद्दाम सांगितलेली नाही याची मला खात्री आहे. ती तिच्याकडून कशी काढून घेऊ? की नाद सोडू?

ता. क. माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणते, यापेक्षा पाकिटातल्या पिठाचा पॅनकेक बरा.

एक वाचक, पर्वरी

उत्तर:

ताई, तुम्ही लिहिलेले ते लाल-तपकिरी ठिपके आत्याच्या बाजूने साक्ष देतात.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. क्षाराशी गाठ पडली की तो लाल होतो. हळदीवर चुना चढवून कुंकू करतात ते याच गुणावर. खायचा सोडा हाही क्षारच. आता तुमचं पीठ नीट आंबलेलं असतं, तर त्यातल्या आंबटपणाने चिमूटभर सोडा तिथल्या तिथे संपवला असता, बुडबुडे उठले असते आणि पीठ पिवळंच राहिलं असतं. तुमच्या पिठात सोडा उरला, हळदीला भिडला आणि ठिपके उमटले. म्हणजे ते पीठ आंबलंच नव्हतं. जाळी न पडणं, पीठ न फुगणं ही सगळी त्याच एका दुखण्याची लक्षणं. आत्याने सांगितलेल्या यादीत, मीठ सोडलं तर, सगळ्या वस्तू आहेत, मी दोनदा तपासली.

मग बिघडलं कुठे? माझा पहिला संशय ताकावर. बाजारचं दही गोडसर असतं, मुद्दाम तसंच लावलेलं असतं. ते घुसळून केलेलं ताक प्यायला छान, पण सुरनळीला कुचकामी. आत्या ‘ताक’ म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यासमोर आदल्या दिवसाचं, लोणी काढून उरलेलं, जिभेला झिणझिण्या आणणारं ताक असणार. तिच्या स्वयंपाकघरात दुसरं ताकच नसेल तर ते ‘आंबट घे’ असं वेगळं सांगायचं तिला सुचणार कसं? तुम्ही तेच बाजारचं दही घ्या, पण ओट्यावर एक दिवस फ्रिजबाहेर, झाकून ठेवा. चाखल्यावर एक डोळा मिटला पाहिजे. मसाला ताकाची पाकिटं मिळतात ती यात अजिबात नकोत.

दुसरा संशय डिसेंबरवर. पीठ आंबवतात ते तांदळावरचे, मेथीवरचे आणि ताकातले सूक्ष्मजीव. आंबटपणा ते आणतात, फसफसणंही त्यांचंच. मेथीचा बुळबुळीतपणा तो वायू पिठात धरून ठेवतो, म्हणून सुरनळीत उडदाची डाळ नसली तरी चालतं आणि मेथी नसली तर चालत नाही. या मंडळींना ऊब लागते. मे महिन्यात गोव्यात हे पीठ पाच-सहा तासांत भांड्याबाहेर यायला बघतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीचा पारा विशीच्या आसपास उतरतो आणि तुमचं पर्वरी तर पठारावर, वाऱ्यावर. फ्लॅटच्या ओट्यावर थंडगार ग्रॅनाइटवर ठेवलेलं पीठ सकाळपर्यंत झोपूनच राहणार. शिरोड्याच्या घरात अजून चूल पेटत असेल तर आत्या पिठाचं भांडं नकळत चुलीच्या कडेला सरकवत असेल. राख रात्रभर कोमट राहते. हे तिने फोनवर सांगितलं नाही, कारण ती ते कृती म्हणून करतच नाही; भांडं ठेवायची जागाच ती आहे. तुम्ही भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन न पेटवता, आतला दिवा तेवढा लावून. ओव्हन नसेल तर तांदळाच्या पिंपात खुपसून वर गोधडी. आणि थंडीत बारा-चौदा तास लागले तर लागू देत, घड्याळ बघून पीठ तव्यावर घालू नका.

तांदूळ आणि पोहे यांचं थोडक्यात. गोव्यातल्या घरात दोन तांदूळ असतात, जेवायला उकडा आणि पोळ्या-भाकऱ्यांना सुरय, म्हणजे न उकडलेला. सुरनळीला सुरय. उकडा भिजायला फार वेळ घेतो आणि रंगही काळपट येतो. पोहे जाड घ्या, दिवाळीच्या फोवांतले (पोह्यांतले) लाल उरले असतील तर उत्तमच. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत सुरनळीचा मोसम दिवाळीनंतरच सुरू होतो तो त्यामुळेच: ताकातले, दुधातले, रोसातले (नारळाच्या रसातले) असे सगळे फोव खाऊन झाल्यावर डब्याच्या तळाशी जे उरतं त्याचं काय करायचं?

आता माप. हे माझ्या घरचं आहे, तुमच्या आजीचं नव्हे, पण आत्याकडे जाण्याआधी हाताला वळण लागायला पुरे. सुरय तांदूळ ३०० ग्रॅम आणि मेथी दीड चमचा, दोन्ही एकत्र धुऊन पाच तास पाण्यात. जाड पोहे ७५ ग्रॅम, धुऊन, त्या आंबट ताकात अर्धा तास. ताक एकूण ३०० मिलिलिटरच्या आसपास. तांदूळ निथळून, पोहे, ७५ ग्रॅम खवलेलं ओलं खोबरं आणि ताक घालून वाटायचं. वाटण गुळगुळीत हवं, पण बोटांत चोळलं तर बारीक कण लागायला हवा. मिक्सरचं भांडं गरम झालं तर थांबा, थोडं गार होऊ द्या. पीठ इडलीपेक्षा किंचित पातळ, डोशापेक्षा पुष्कळ दाट. त्यात १२० ग्रॅम गूळ, पाव चमचा हळद, अर्धा चमचा मीठ. गूळ थोड्या ताकात विरघळवून गाळून घ्या, वाळू हमखास निघते. माडाचा काळा गूळ घालू नका असं माझं मत; चव सुंदर लागते पण सुरनळीचा सोनेरी रंग जातो. काणकोणकडची माणसं यावर माझ्याशी भांडतात. सगळं हाताने कालवा आणि मोठ्या भांड्यात, निम्म्यापर्यंतच, झाकून ठेवा. सोडा कपाटात.

सकाळी पीठ वर आलेलं, कडेला बुडबुडे, वास आंबूस-गोड. इथे पुष्कळ जण पळीने ते खालवर ढवळतात आणि रात्रभराची कमाई घालवतात. ढवळायचं नाही, कडेने पळी घालून उचलायचं.

तवा बिडाचा असेल तर प्रश्नच मिटला. नॉनस्टिकवर होते, पण खालची बाजू फिकट राहते आणि सुरनळीची निम्मी गंमत त्या खालच्या तांबूस पापुद्र्यात असते. तुमची चिकटते याची कारणं दोन. एक, तवा पुरता तापलेला नसतो. दोन, तो मग एकदम फार तापवला जातो, गूळ करपतो आणि करपलेला गूळ कढई-तव्याला कसा धरून बसतो हे चिक्की करणाऱ्या कुणालाही विचारा. तवा आधी चांगला तापवायचा, आच मध्यमपेक्षा कमी करायची, नारळाच्या शेंडीने तेलाचा हात फिरवायचा. डोशाला आपण अर्धा कांदा फिरवतो, तो इथे चुकूनही नको. एक पळी पीठ मधोमध ओतायचं आणि सोडून द्यायचं. पसरायचं नाही. फार तर पळीच्या पाठीने एक हलका वळसा, तळहाताएवढी, चांगली जाड. झाकण. दोन-तीन मिनिटांत वर भोकं पडून पृष्ठभाग कोरडा दिसायला लागतो. उलटायची नाही, ती एकाच बाजूने भाजतात. एवढ्या पिठात दहा-बारा होतात आणि दोन खाल्ल्या की माणूस दुपारच्या जेवणाचं नाव काढत नाही. वर लोणी. तूप चालतं, पण लोणी लोणीच.

ही झाली कृती. पण तुम्ही मला कृती विचारलेली नाही. तुम्ही विचारलंय, आत्याकडून ती ‘काढून कशी घेऊ’. त्यासाठी तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडावं लागेल: ‘आम्ही तिला घरात राहू दिलं आहे.’

कुणी कुणाला राहू दिलं? गोव्यात मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून हे आहे आणि उत्तराधिकार व इन्व्हेंटरीच्या २०१२ च्या कायद्यातही तेच पुढे चाललं. लग्न झालेली मुलगी, न झालेली मुलगी, आईवडिलांजवळ राहिलेली, परगावी गेलेली, हिश्शाला त्याने फरक पडत नाही. तुमच्या बाबांचा त्या घरावर जेवढा हक्क, तेवढाच मोठ्या आत्याचा, तेवढाच धाकट्या आत्याचा. त्यात आईवडिलांची आजारपणं काढलेली ती एकटीच. ती तुमच्या मेहेरबानीवर तिथे राहत नाही. हे वाक्य तुम्ही मला इतक्या सहज लिहिलंत, त्या अर्थी ते घरात बोललं जात असणार, आणि घरात बोललेलं शिरोड्याला पोचायला वेळ लागत नाही. अशा वेळी भाचीचा फोन येतो आणि ती म्हणते, ‘आत्या, आजीची कृती सांग.’ आत्याच्या जागी मी असते तर मीही दोन मिनिटांत उरकलं असतं. लपवायचं म्हणून नाही. घर, भाट (माडांची बाग), भांडी, सगळ्याची यादी चाललेली असताना हीही त्याच यादीतली एक ओळ आहे की काय, असं तिला वाटलं असेल तर तिचं काय चुकलं?

शिवाय ती सुरनळी ‘आमच्या घरची’ कधीच नव्हती. तुम्हीच लिहिलंय, आजी ती काणकोणहून घेऊन आली. तिथे ती तिला तिच्या आईने किंवा आजीने दिली असेल, आणि त्यांनी ती आपापल्या माहेरांहून आणली असेल. शिरोड्याच्या घराला ती मिळाली ती तिथे आलेल्या सुनेमुळे. त्या सुनेने ती जिला शिकवली ती मुलगी आज त्या घरात आहे. तुमचा तिच्यावर हक्क आहे तो नात म्हणून, पण तो बजावायचा असेल तर शिकायला जावं लागेल, वसुलीला नाही.

आणि शिकायला जायचं तर रात्र काढावी लागते. फोनवर हेच जमलं नाही. तांदूळ दुपारी भिजतात, रात्री वाटले जातात, पहाटे पीठ वर येतं, नाश्त्याला तवा तापतो. रविवारी अकराला जाऊन एकला परतणाऱ्या पाहुणीला यातलं काहीच दिसत नाही. धाकट्या आत्याच्या मुलीला जमतं यात मला पक्षपात दिसत नाही. ती त्या घरात झोपलेली आहे, सकाळी डोळे चोळत चुलीपाशी बसलेली आहे, एवढाच माझा अंदाज. तिला विचारून बघा, तिने कृती कधी लिहून घेतली. मला वाटतं, कधीच नाही.

तेव्हा फोन करा, पण सुरनळीसाठी नाही. ‘आत्या, शनिवारी मुलीला घेऊन राहायला येऊ का?’ एवढंच विचारा. बाबांची परवानगी मागू नका, त्यांना सांगा मात्र. लपूनछपून गेलात तर तिच्यासाठीही ते अपमानाचं. कोर्टाच्या तारखेच्या आसपासचा आठवडा टाळा. आणि इन्व्हेंटरीचा विषय तिने काढला तरच बोला, तेही ‘आत्या, तुझा हिस्सा तुझा आहे’ एवढंच. तुम्हाला हे मनापासून पटत नसेल तर सध्या जाऊ नका. चेहऱ्यावर दिसतं.

तिथे गेल्यावर वजनकाटा बाहेर काढायचा नाही. वयस्क बाईच्या मुठीखाली काटा धरणं म्हणजे तिची परीक्षा घेणं. त्याऐवजी एक युक्ती सांगते. पोह्यांची आणि गुळाची पिशवी तुम्ही घेऊन जा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलीत तर ती भेटही होईल. पिशव्यांचं वजन घरी करून ठेवा. आत्या त्यातून मुठीने काढेल. रात्री ती झोपल्यावर किंवा पाठ फिरली की उरलेल्याचं वजन गुपचूप करा. तुमच्या पिशवीत छोटा काटा असायला माझी हरकत नाही. फरक म्हणजे तिची मूठ. पुढच्या वेळी खोबऱ्याचं करा. बाकी डोळ्यांनी बघा: ताक कुठल्या भांड्यातून घेते, वाटताना किती वेळा बोटं चोळून बघते, पीठ कुठे ठेवते, सकाळी पहिली सुरनळी घालायच्या आधी तव्यावर काय करते. लिहायचं असेल तर रात्री खोलीत जाऊन लिहा. मध्येच ‘म्हणजे किती ग्रॅम?’ असं विचारलंत तर ती पुन्हा फोनवरची आत्या होईल.

राहता राहिली तुमची शंका, तिने खरंच काही हातचं राखून ठेवलं असेल तर? अशा बायका असतात. एखादी लवंग, वाटताना शिजलेल्या भाताची मूठ, काहीतरी शेवटपर्यंत कुणाला सांगत नाहीत. असेल तर असू दे. तुमची सुरनळी मग आजीच्यापेक्षा थोडी वेगळी होईल, तशी आजीची तिच्या आईपेक्षा झाली असणारच. रगडा जाऊन मिक्सर आला तिथेच चव बदलली.

आता ता. क. पाकिटातल्या पिठात बेकिंग पावडर असते, दुधात कालवलं की लगेच फुगतं, आणि नऊ वर्षांच्या मुलीला रात्रभर वाट बघायला लावणाऱ्या पदार्थाचं कौतुक नसणं स्वाभाविक आहे. तिला आत्ताच्या बिघडलेल्या सुरनळ्या खायला लावू नका, त्याने उलट कायमची अढी बसेल. तोवर तिला अळेबेळे करून द्या: मैदा, अंडं, दूध यांचं पातळ धिरडं, आत खोबरं-गुळाचं चून, गुंडाळून. पंधरा मिनिटांत होतात, पीठ आंबवावं लागत नाही आणि कुठल्याच आत्याची गरज पडत नाही. जमलेली सुरनळी तिने चॉकलेट सॉस ओतून खाल्ली तरी खाऊ द्या, पण आत्यासमोर पहिली लोण्याबरोबर, हे आधी सांगून ठेवा.

एक सूचना उरली. निघताना आत्याने उरलेलं पीठ डब्यात घालून दिलं, आणि बहुतेक देईलच, तर डबा निम्माच भरू द्या आणि झाकण घट्ट लावू नका. गुळाचं पीठ गाडीतल्या उकाड्यात आणखी जोरात फसफसतं, आणि शिरोड्याहून पणजी ओलांडून पर्वरीच्या वाहतुकीत अडकलात तर ते सीटवर येणार. डबा पायाशी ठेवा, खाली जुना टॉवेल घाला, घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा.